कागद कोणी दाखवायचा?

इस्राएलच्या कायद्यात एक वाक्य आहे, ते चौथीच्या मुलांना फळ्यावर लिहून द्यावे इतके सोपे आहे. प्रत्येक इस्राएली नागरिकाला किंवा रहिवाशाला सार्वजनिक कचेरीकडून माहिती मिळवण्याचा हक्क आहे, असा त्याचा अर्थ. १९९८ च्या ‘खोक खोफेश हामेदा’चे, म्हणजे माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याचे, हे पहिले कलम. पुढे सातव्या कलमात आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती पहिलीहून मोठी आहे. अर्ज करणाऱ्याने ही माहिती आपल्याला कशासाठी हवी, याचे कारण देण्याची गरज नाही.

आपल्या समाजातल्या वडीलधाऱ्या वाचकांनी हे दुसरे वाक्य सावकाश वाचावे. आपल्यापैकी ज्यांनी पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत या देशात पाय ठेवला, त्यांना ‘का पाहिजे?’ हा प्रश्न पाठ आहे. मिस्रादच्या खिडकीपलीकडे पाकिद बसलेला, त्याच्या पुढ्यात आपला तिक, म्हणजे आपली फाइल. त्या फाइलीत आपल्याविषयी काय लिहिले आहे ते त्याला दिसे, आपल्याला दिसत नसे. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपण कोकणातून बरोबर आणलीच होती. ती इथेही लागू पडली, एवढेच.

ही परिस्थिती बदलली कशी, किती वर्षांनी, आणि बदललेल्या परिस्थितीचा आपण काय उपयोग करतो, हे या लेखात सांगायचे आहे.

कचेरीने लोकांविषयी लिहावे आणि लोकांनी ते वाचू नये, ही रीत फार जुनी. कोकणात तलाठ्याच्या दप्तरात कोणाचे शेत कोणाच्या नावावर हे लिहिलेले असे. ते दप्तर पाहायचे तर तलाठ्याची मर्जी सांभाळावी लागे. इंग्रजांनी १८८३ साली कुलाबा आणि जंजिऱ्याचे गॅझेटियर छापले. मुंबई इलाख्याच्या या गॅझेटियरांत बेने इस्राएल समाजाचीही नोंद आहे. आपण कोण, काय धंदा करतो, कसे राहतो, हे साहेबाने इंग्रजीत लिहिले. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांतल्या फार थोड्यांना ते वाचता येत होते. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास स्वतः लिहून काढला. त्याचे मोल मोठे आहे ते याच कारणाने. तो ग्रंथ छापून निघाला मात्र १९३७ साली, तेल अवीवमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी.

लिहिलेले लपवणे हा पुढे कायदाच झाला. १९२३ साली हिंदुस्थानात शासकीय गुपितांचा कायदा आला, तो स्वातंत्र्यानंतरही राहिला आणि आजही आहे. इस्राएलच्या दंडविधानातही परवानगीवाचून माहिती बाहेर देणाऱ्या सरकारी नोकराला कैदेची तरतूद आहे. म्हणजे माहिती दिली तर शिक्षा, आणि दडवली तर काही नाही. अशा ठिकाणी कोणताही शहाणा कारकून गप्पच बसेल. त्यात त्याचा दुष्टपणा असतोच असे नाही. त्याला तसेच शिकवलेले असते.

आता आपल्या समाजाच्या इतिहासातले एक पान पाहू. १९५१-५२ मध्ये बेएरशेवाकडच्या आपल्या काही कुटुंबांनी नोकरी, घर आणि वागणूक यांविषयीच्या तक्रारींवरून बैठा सत्याग्रह केला आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. १९५२ साली सोखनूतने शंभराहून अधिक लोकांना विमानाने मुंबईला परत धाडले. त्यांतले बरेच जण पुढे पुन्हा इथे आले. या प्रकरणात कचेऱ्या-कचेऱ्यांमध्ये किती पत्रे गेली असतील याची कल्पना करा. ज्यांच्याविषयी ती होती, त्या माणसांना ती पाहायला मागण्याचा कोणताही कायदेशीर मार्ग तेव्हा नव्हता.

त्यानंतरचे पान सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बानूतच्या परिषदेने बेने इस्राएलांशी विवाहाला मनाई नाही, असा निर्णय दिला. पण १९६२ च्या आरंभी विवाह नोंदणाऱ्या रब्बींसाठी निर्देश निघाले. त्यांनुसार अर्जदाराची आई, आजी आणि त्यामागे जितके जाता येईल तितके मागे जाऊन चौकशी करायची होती. घराण्यात परधर्मीयांचा संबंध आला का, कोणाचा घटस्फोट होऊन पुन्हा लग्न झाले का, हे तपासायचे होते. शंका आली तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे जायचे.

हा प्रश्न धर्माचा होता तसाच कागदाचाही होता. नवगाव, रेवदंडा, पेण, रोहा इथल्या खेड्यांतल्या माणसाने पणजीच्या लग्नाचा कागद कोठून आणायचा? आपल्याकडे लग्न गावासमोर व्हायचे, साक्षीदार म्हणजे सगळा गाव. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? पुराव्याचा सारा भार एका बाजूवर पडला होता, आणि ती बाजू आपली होती. कचेरीने आपल्याला काही दाखवायचे नव्हते. दाखवायचे होते ते आपणच, तेही आजीच्या आजीपर्यंत.

१९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतमध्ये ठराव झाला. बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत, त्यांना इतर सर्व यहुद्यांसारखेच हक्क आहेत, विवाहाच्या बाबतीतही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. लेव्ही एश्कोल तेव्हा पंतप्रधान होते. त्या महिन्याच्या अखेरीस रब्बानूतने निर्देशांतून ‘बेने इस्राएल’ हे नाव काढले आणि ज्यांच्याविषयी शंका असेल ते, असे सर्वसाधारण शब्द घातले. नाव गेले हा विजय होता. मात्र कचेरीत आपल्याविषयी काय लिहिले जाते हे पाहण्याचा हक्क त्या दिवशीही मिळाला नाही. तो मिळायला आणखी चौतीस वर्षे लागली.

या चौतीस वर्षांचा हिशेब लावण्यापूर्वी जगात काय चालले होते ते थोडक्यात पाहू. स्वीडनमध्ये १७६६ सालीच मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यातून सरकारी कागद लोकांना पाहू द्यावेत असे ठरले. त्यासाठी झटलेल्यांत अँडर्स खिदेनिअस नावाचा एक पाद्री पुढे होता. अमेरिकेने असा कायदा केला तो १९६६ साली, बरोबर दोनशे वर्षांनी. मधल्या काळात राजे गेले, साम्राज्ये गेली, लोकशाह्या आल्या, पण कचेरीचे कपाट बहुतेक देशांत बंदच राहिले. मतदानाचा हक्क लवकर मिळाला, कागद पाहण्याचा हक्क उशिरा.

इस्राएलमध्ये हे कपाट एका झटक्यात उघडले नाही. १९४९ साली राज्याच्या महालेखापालाचा, म्हणजे मेवाकेर हामेदिनाचा कायदा झाला. १९७१ पासून तोच अधिकारी नागरिकांच्या तक्रारीही ऐकू लागला. १९५५ साली अभिलेखांचा कायदा होऊन राज्याच्या अभिलेखागाराला कायद्याचा आधार मिळाला. जुने कागद जपून ठेवायचे आणि ठरावीक वर्षांनी लोकांना पाहू द्यायचे, हे तत्त्व त्यात आले. १९५८ च्या एका कायद्याने नागरिकाच्या अर्जाला मुदतीत उत्तर देणे आणि नकार द्यायचा तर त्याची कारणे लेखी देणे, हे कचेऱ्यांवर बंधनकारक केले. आज हे साधे वाटते. पण ज्याने खिडकीपाशी नुसते ‘नाही’ ऐकले आहे, त्याला ‘नाही, कारण...’ याची किंमत कळते.

मोठे वळण आले १९९० साली. त्या वर्षी सरकार पाडण्याचे आणि बनवण्याचे जे राजकारण झाले, त्यात पक्षांनी आपापसांत गुप्त करार केले होते. शालित विरुद्ध पेरेस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे करार जनतेपुढे ठेवले पाहिजेत. सत्ता चालवणारे लोक जनतेचे विश्वस्त आहेत आणि विश्वस्ताने मालकापासून हिशेब लपवायचा नसतो, हा त्या निकालाचा गाभा. लेखी कायदा नसतानाही न्यायालयाने लोकांचा हक्क मान्य केला. त्यानंतर आठ वर्षांनी, मे १९९८ मध्ये, क्नेसेतने कायदा मंजूर केला आणि एक वर्षाने तो अमलात आला.

तो चालतो कसा, हे प्रत्येकाने माहीत करून घ्यावे. प्रत्येक मंत्रालय, प्रत्येक इरिया, प्रत्येक सार्वजनिक संस्था यांनी माहिती देण्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमायचा असतो. अर्ज लेखी करायचा, ठरलेली फी भरायची. उत्तर विनाविलंब, फार तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे. कारण असेल तर आणखी तीस दिवस, आणि विशेष कारण लेखी देऊन त्यापुढे साठ दिवसांपर्यंत मुदत वाढवता येते. म्हणजे जास्तीत जास्त चार महिने. आपल्या म्हणीतले सहा महिने कायद्याने चारावर आणले म्हणायचे! एखाद्या कागदाचा काही भागच गुप्त असेल तर तेवढा झाकून उरलेला द्यावा लागतो. नकार मिळाला तर प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते. २०११ साली न्याय मंत्रालयात या कामावर देखरेख करणारे एक सरकारी पथकही सुरू झाले.

आपले अनेक नातेवाईक भारतात आहेत, त्यांच्यासाठी बारावे कलम लक्षात ठेवावे. जो इस्राएलचा नागरिक किंवा रहिवासी नाही, तोही इस्राएलमधल्या स्वतःच्या हक्कांविषयीची माहिती याच कायद्याने मागू शकतो.

आपण जिथून आलो त्या भूमीत हा हक्क आला तो निराळ्या वाटेने, आणि ती वाट जाणण्यासारखी आहे. न्यायालयाने तिथेही दिशा दाखवली होती. १९७५ साली राज नारायण यांच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक कारभार जाणून घेण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. पण कायदा घडवला तो मजुरांनी. राजस्थानात १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही त्यातली माणसे. सरकारी कामांवर राबणाऱ्या मजुरांना किमान मजुरी मिळत नव्हती. विचारले तर उत्तर मिळे की तुम्ही तेवढे काम केलेच नाही, मस्टरमध्ये तसे लिहिले आहे. मजूर म्हणाले, मग मस्टर दाखवा. मस्टर हा सरकारी कागद, तो दाखवता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. संपूर्ण लढा या एका प्रश्नोत्तरातून उभा राहिला.

डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. मिळवलेले कागद गावासमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्यांची नावे त्यांत आहेत त्यांनाच खरे-खोटे विचारायचे, अशी ती पद्धत. अशा सुनावण्यांत मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी काढल्याचे आणि कागदावर पुरी झालेली बांधकामे जागेवर अर्धवट पडल्याचे उघड झाले. ज्याला अक्षर येत नव्हते तोही, आपण त्या दिवशी कामावर होतो की नव्हतो, हे छातीवर हात ठेवून सांगू शकत होता. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर गावी चाळीस दिवसांचे धरणे झाले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्यांची घोषणा देशभर गेली.

तामिळनाडू आणि गोवा यांनी १९९७ साली आपापले कायदे केले. महाराष्ट्राने २००० साली एक कायदा केला, पण तो इतका दुबळा होता की त्याच्या जागी दुसरा आणावा लागला. हा सुधारित कायदा मंजुरीसाठी अडकला तेव्हा राळेगण सिद्धीचे अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि त्या महिन्यात राष्ट्रपतींची मंजुरी आली. पुढे २००५ साली संसदेने माहितीचा अधिकार अधिनियम केला. तो १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला.

दोन्ही देशांचे कायदे शेजारी ठेवले तर गंमत दिसते. दोन्हीकडे कारण सांगावे लागत नाही. दोन्हीकडे पहिली मुदत तीस दिवसांची. मात्र भारतात कोणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावे लागते. फी दहा रुपये. महाराष्ट्रात लोक अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवतात. नकार मिळाल्यास आधी त्याच कचेरीतल्या वरिष्ठाकडे अपील, मग माहिती आयोगाकडे. आणि विनाकारण अडवणूक करणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दिवसाला २५० रुपये, एकूण २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इस्राएलच्या कायद्यात असा आयोग नाही आणि अधिकाऱ्याला असा रोजचा दंडही नाही. न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि शहाण्याने ती चढू नये असे आपले वाडवडील सांगत. या एका बाबतीत राजस्थानच्या मजुरांनी मिळवलेला कायदा आपल्या इथल्या कायद्यापेक्षा सामान्य माणसाला जवळचा आहे.

पण कागदावरचा हक्क किती महाग पडू शकतो हेही तिथेच दिसले. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे इथले सतीश शेट्टी माहिती मागवून जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत असत. जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. माहिती आयोगांकडे अपिलांचा ढीग साचतो आहे, उत्तर मिळायला वर्षे जातात. २०१९ च्या दुरुस्तीने आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवणे केंद्र सरकारच्या हाती गेले. हक्क मिळाला म्हणजे तो टिकला असे नाही.

शिक्षिका म्हणून मला ज्या प्रकरणाने सर्वांत जास्त विचार करायला लावला, ते इथलेच आहे. पाचवी आणि आठवीच्या मुलांच्या ‘मेत्साव’ परीक्षा शिक्षण मंत्रालय घेत असे. शाळाशाळांचे निकाल मंत्रालयाकडे होते, पण पालकांना पाहायला मिळत नव्हते. माहिती-स्वातंत्र्याच्या चळवळीने ते मागितले. मंत्रालयाचे म्हणणे असे की निकाल जाहीर झाले तर शाळांची क्रमवारी लागेल, दुबळ्या वस्तीतल्या शाळेवर शिक्का बसेल, चांगल्या घरची मुले तिथून निघून जातील. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०१२ मध्ये न्यायालयाने निकाल शाळावार जाहीर करण्यास सांगितले.

मी दक्षिणेतल्या एका गावात गणित शिकवत असे. वर्गात भारतातून, मोरोक्कोतून, इथिओपियातून आलेल्या घरांतली मुले. मंत्रालयाची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. आकडा एकटा उभा केला की तो मुलाला आणि शिक्षकाला दोघांनाही मारतो. पण दुसरी बाजूही आहे. आपल्या मुलांच्या शाळेत इंग्रजीचा शिक्षक दोन-दोन वर्षे टिकत नाही, हे आयांना घरी बसून कळते. त्याचा परिणाम किती झाला हे त्यांनी कोणाला दाखवायचे, आणि कशाच्या आधारावर? आकडा मंत्रालयाच्या कपाटात राहिला तर दुबळी शाळा दुबळीच राहते, आणि तसे कोणी म्हटले तर पुरावा कोठे आहे, असे विचारले जाते. पुन्हा तोच प्रश्न, कागद कोणी दाखवायचा? न्यायालयाने उत्तर दिले की कपाट ज्याच्याकडे आहे त्याने. माझ्या मते ते बरोबर होते. आकड्याचा अर्थ समजावून सांगणे हे त्यापुढचे काम आहे आणि तेही मंत्रालयानेच करायला हवे.

सगळेच उघडते असे मात्र समजू नये. राष्ट्राची सुरक्षितता, परराष्ट्रसंबंध, माणसाचे खासगी आयुष्य यांना धक्का लागत असेल तर माहिती मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. गुप्तहेर खात्यांना कायदा लागूच नाही. आणखी एक अट आपल्यासारख्यांना अडचणीची आहे. मागितलेली माहिती सात वर्षांहून जुनी असेल आणि ती शोधणे खरोखर कठीण असेल, तर कचेरी नकार देऊ शकते. म्हणून जुन्या गोष्टींसाठी अभिलेखागाराचे दार ठोठवावे लागते. ते दारही सहज उघडत नाही. येमेनी मुलांच्या प्रकरणात तीन समित्या बसल्या. शेवटच्या केदमी आयोगाने २००१ साली अहवाल दिला आणि साक्षी-पुराव्यांचे कागद २०७१ पर्यंत बंद ठेवण्यात आले. ज्या आयांची मुले गेली, त्या २०७१ पर्यंत जगणार होत्या का? कुटुंबांनी मागणे सोडले नाही, आवाज वाढत गेला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये लाखो पाने लोकांसाठी खुली झाली. सर्व उत्तरे त्यांत होती असे नाही. पण आपल्या मुलाच्या नावाचा कागद हातात घेण्याचा आयाबहिणींचा हक्क सत्तर वर्षे थांबवता येत नाही, हे तरी सिद्ध झाले.

आता आपल्या समाजाकडे वळते. येमेनी बंधुभगिनींनी जे केले त्याच्या शतांशही आपण केलेले नाही. १९५२ च्या परतीच्या प्रवासाचे, १९६२ च्या निर्देशांचे, १९६४ च्या धरण्याचे, आपल्या लोकांना दिमोना, येरुखाम, किर्यात गात इथे पाठवण्याच्या निर्णयांचे कागद कोणी ना कोणी लिहिले. सरकारी कागदांसाठी जेरुसलेमचे राज्य अभिलेखागार आहे. २०१६ पासून ते मागितलेल्या फाइली स्कॅन करून संगणकावर पाहायला देते, प्रवास करावा लागत नाही. सोखनूतचे जुने कागद मात्र तिथे नाहीत, ते केंद्रीय झायोनी अभिलेखागारात आहेत. भारतातले जुने कागद मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात शोधावेत. गावच्या जमिनीचा सातबारा तर कोणालाही काढता येतो, त्यासाठी माहितीचा अर्जसुद्धा लागत नाही. नवगावकर, पेणकर, रोहेकर, केहीमकर ही आपली आडनावेच गावांची आहेत. त्या गावांच्या दप्तरात आपल्या पणजोबांची नावे सापडणे अशक्य नाही.

एक सूचना. भारताचा कायदा ‘नागरिकांना’ हक्क देतो. आपल्यापैकी अनेकांकडे ओसीआय कार्ड आहे, पण ते नागरिकत्व नव्हे. म्हणून तिथला अर्ज ठाण्याच्या, पनवेलच्या किंवा अलिबागच्या भारतीय नागरिक असलेल्या नातेवाइकाच्या सहीने गेलेला बरा. भारताच्या कायद्यात वीस वर्षांपूर्वीच्या घटनांविषयीची माहिती काही मोजके अपवाद सोडून द्यावी लागते, ही जुन्या गोष्टी शोधणाऱ्यांच्या सोयीची बाजू आहे.

अर्ज कसा लिहावा याचा एक अनुभव सांगते. गावाचे नाव देत नाही. आमच्या भारतीय ज्येष्ठांच्या मंडळाला तिथल्या इरियाकडून अनुदान मिळत नव्हते. दर वर्षी कोणीतरी खिडकीपाशी जाई आणि ‘पैसे संपले’ हे ऐकून परत येई. मग एका सभासदाच्या नातवाने चार ओळींचा अर्ज लिहिला. गेल्या तीन वर्षांत कोणत्या संस्थांना किती रक्कम दिली, कोणत्या निकषांवर दिली, आणि ते निकष कोणी मंजूर केले? बस, एवढेच. तक्रार नाही, भावना नाही, आमच्यावर अन्याय होतो हे वाक्यही नाही. उत्तर तिसऱ्या महिन्यात आले, दोन पानांचा तक्ता. त्यातून कळले की आमचे मंडळ ज्या वर्गात बसते तो वर्गच निकषांच्या यादीत नव्हता. पैसे संपणे न संपणे याचा संबंधच नव्हता. आता आम्ही खिडकीतल्या बाईशी वाद घालत नाही. निकष बदला म्हणून नगरसभेला पत्र दिले आहे. ते प्रकरण अजून चालू आहे. पण वाद कशाशी घालायचा ते आता ठाऊक आहे.

म्हणून अर्ज करणाऱ्याने ‘का केले?’ असे विचारू नये. ‘कोणता कागद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत’ असे विचारावे. ‘का’चे उत्तर कचेरी टाळू शकते, कागद असेल तर तो टाळणे कठीण.

हे काम आताच का करायचे, तेही सांगते. माझ्या वडिलांनी सरकारला लिहिलेली पत्रे इंग्रजीत होती, घरी ठेवलेल्या नकला मराठीत, आणि आलेली उत्तरे हिब्रूत. या तिन्ही भाषा वाचून त्यांतली माणसे ओळखणारे आपल्यात आज किती उरले आहेत? आपल्या नातवंडांना हिब्रू येते, पण रेवदंड्याचा अमुक म्हणजे कोणाचा चुलता, हे त्यांना कळणार नाही. हिब्रू लिपीत पाकिदाने वेडेवाकडे लिहिलेले आपले आडनाव त्यांना वाचताही येणार नाही. राजस्थानातल्या जनसुनवाईत कागदाला अर्थ आला, कारण त्यात ज्यांची नावे होती ती माणसे समोर बसलेली होती. आपल्याकडेही ती माणसे आहेत, सत्तरीची, ऐंशीची, नव्वदीची. त्यांच्या हयातीत कागद त्यांच्यासमोर वाचला गेला तर तो इतिहास होईल.

प्रत्येक गावच्या मंडळाने एक नातू किंवा नात आणि एक आजोबा किंवा आजी अशी जोडी नेमावी. नातवाने हिब्रूत अर्ज लिहावा, आजीने नावे आणि साल सांगावे. कोणत्या कचेरीकडे काय मागितले, उत्तर कधी आले, काय आले, हे या अंकाकडे कळवावे. नकार आला तरी तो जपून ठेवावा, कारण नकारसुद्धा लेखी आणि कारणासह द्यावा लागतो, आणि त्या कारणाविरुद्ध दाद मागता येते. अर्जात ‘आम्हाला हे कशासाठी हवे’ असे लिहायला हात शिवशिवेल. साठ वर्षांची सवय आहे ती. ती ओळ गाळावी.